आंब्याच्या हंगामातले पाच फ्रॉक

माझी बायको मस्कतला गेली तेव्हा आमच्या वाडीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, मी तिला पाठवलं. दुसऱ्याचं म्हणणं, ती माझं न ऐकता गेली. खरी गोष्ट दोन्ही तटांना पुरेल एवढी मोठी नव्हतीच. ती नर्स आहे. कसालजवळच्या एका खासगी दवाखान्यात तिने लग्नाआधीपासून नोकरी केली. पण तिचा जीव होता तो नुकत्या जन्मलेल्या बाळांमध्ये. कमी दिवसांची, ओंजळीत मावतील अशी बाळं काचेच्या पेटीत ठेवून वाढवतात, तिथे काम करायचं हे तिच्या मनात कधीपासूनचं होतं. आमची मुलगी शिकायला कोल्हापूरला गेल्यावर एका मैत्रिणीने तिला मस्कतच्या मोठ्या इस्पितळातल्या जागेबद्दल सांगितलं. तिने मुकाट्याने अभ्यास केला, परीक्षा दिली, पास झाली. मग एका दुपारी ओले काजू सोलता सोलता तिने मला विचारलं, "जाव मी?"

"तुका जावचा आसा?"

"आसा."

"मगे जा."

एवढंच बोलणं झालं. चतुर्थीचे गणपती पोचवले आणि ती गेली.

घरात मी आणि माझी आई असे दोघंच उरलो. आमची थोडी भातशेती आहे, काजू आहेत, हापूसची कलमं आहेत. दिवस कसाही निघून जातो, शेतीवाल्याला काम शोधत फिरावं लागत नाही. संध्याकाळ मात्र जाता जात नसे. इतकी वर्षं ती दवाखान्यातून एसटीने घरी यायची, चहाचा कप घेऊन पडवीत बसायची आणि दिवसभरात कोण आलं, कोण कोणाशी भांडलं, कोणत्या म्हातारीने डॉक्टरांनाच पथ्य सांगितलं, हे सगळं सांगायची. बोलायची ती, ऐकायचा मी. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातल्या बोलण्याचा सगळा माल तीच बाहेरून आणत होती. आता ती फोन करायची आणि विचारायची, "आज काय केलात?" मी म्हणायचो, "काय नाय. नेहमीचाच." मग आईच्या गुडघ्याची चौकशी व्हायची आणि फोन संपायचा.

अशात एक दिवस आईची मच्छरदाणी वरच्या कोपऱ्यात फाटली.

"तिका सांग," आई म्हणाली. "इली काय शिवतली."

"आये, ती येतली वर्सान. तवसर डास थांबतले काय?"

माजघराच्या कोपऱ्यात बायकोचं पायमशीन होतं. मुलगी लहान असताना तिने त्यावर झबली-टोपडी शिवली होती. पुढे घड्या करायचे कपडे ठेवायला ते उपयोगी पडू लागलं. मी वरचे कपडे उचलले, मशीनची धूळ पुसली, दोरा ओवला आणि पाय मारला. चाक उलटं फिरलं, दोऱ्याचं एक भेंडोळं सुईखाली तयार झालं आणि सुई अडकून बसली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी मी आंटीकडे गेलो.

आंटी म्हणजे आमच्या रस्त्याच्या वळणावर राहणारी ख्रिश्चन बाई. वय सत्तरीच्या पुढे. तिला सगळा गाव आंटी म्हणतो, तिच्या बरोबरीची माणसंसुद्धा. घरापुढच्या खळ्यात पांढरा क्रूस, त्याच्याभोवती अबोलीची झाडं, आणि खिडकीला लागून शिलाई मशीन. लग्नाचे गाऊन, पोलकी, शाळेचे गणवेश, सगळं ती शिवत आली होती. चतुर्थीला आमच्याकडून तिच्याकडे करंज्या जायच्या, नाताळला तिच्याकडून नारळ-गुळाचं दोदोल यायचं. त्यापलीकडे आमचं बोलणं फारसं नव्हतं.

"आंटी, मशीन बिघडला."

ती चष्मा पुसत माझ्याबरोबर आली. मशीनला हात न लावता बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "चालव बघूया."

मी चालवलं.

"सुई उलटी घातलंस," ती म्हणाली. "आणि नांगर धरलंस काय रे पुता? पाय हळू."

तिने सुई काढून नीट बसवली, मच्छरदाणीच्या फाटक्या कोपऱ्यावर चार बोटं टीप मारून दाखवली आणि उठली. "आता तू मार."

"मी?"

"मच्छरदाणी कोणाची?"

मी बसलो. माझी पहिली टीप शेताच्या मेरेसारखी वेडीवाकडी गेली. पण कापड जोडलं गेलं. मच्छरदाणी टांगल्यावर मी खालून बराच वेळ त्या टिपेकडे बघत राहिलो. कलम बांधून ते जगल्यावर जसं वाटतं, तसं काहीतरी वाटत होतं. संध्याकाळी फोन आला.

"आज काय केलात?"

"मच्छरदाणी शिवली."

"कोणी?"

"मी."

पलीकडे ती हसली. "दाखवा."

मी फोनचा कॅमेरा मच्छरदाणीकडे फिरवला. तिने वाकडी टीप पाहिली, सुई कशी उलटी होती ते ऐकलं, आंटी काय म्हणाली ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्या दिवशी आमचं बोलणं आईच्या गुडघ्यापर्यंत पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आपण होऊन आंटीच्या दारात उभा राहिलो. "माका शिकवशात?"

"कित्याक?" तिने चष्म्यावरून बघत विचारलं.

मला मच्छरदाणीवरची ती टीप आठवली. "बरा वाटला," मी म्हणालो.

"मगे बस."

पहिले कितीतरी दिवस तिने मला कापड दिलंच नाही. जुनं वर्तमानपत्र द्यायची आणि मशीनमधला दोरा काढून घ्यायची. मजकुराच्या दोन रकान्यांमध्ये जी बारीक रेघ असते, तिच्यावरून नुसती सुई चालवायची. पायाचा वेग आणि हाताची दिशा जुळली की भोकांची रांग रेघेवरून जाते, नाहीतर बातमीत शिरते. शिवून झाल्यावर आंटी तो कागद खिडकीच्या उजेडात धरायची. भोकांमधून उजेडाचे ठिपके दिसायचे आणि कुठे हात हलला ते कळायचं. सरळ रेघ जमली, मग कोपरे, मग बांगडी ठेवून काढलेले गोल. ती कौतुक करायची नाही. कागद खाली ठेवून नुसतं "हां" म्हणायची, आणि त्या एका "हां"साठी मी दुपारचं जेवण भराभर उरकून तिच्याकडे जायचो.

मी कागद शिवत असताना ती हाताने तुरपाई करायची आणि बोलायची. तिचा नवरा बोटीवर स्वयंपाकी होता. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. लग्नानंतर लगेचच तो पहिल्या सफरीवर गेला आणि ही सासूबरोबर घरात राहिली.

"पयल्या फेरेक मी फकत वाट बघलंय," ती म्हणाली. "पोस्टमनाची सायकल दिसली काय रस्त्यार धावायचंय. तो इलो आणि सांगूक लागलो. बर्फ बघलंय, मोठमोठी बंदरां बघलंय, एका गावात रातभर उजेड आसता म्हणे. सगळा सांगान झाला आणि माका इचारता, तू काय केलंस? मी काय सांगू? म्हशीक रेडकू झाला म्हणान सांगलंय."

ती स्वतःशीच हसली. "माका माझोच राग इलो. तो येतलो तेव्हा माझ्याकडेय सांगूक काय तरी होया."

पुढच्या सफरीच्या वेळी ती म्हापशाला आपल्या मावशीकडे जाऊन शिवण शिकून आली. त्याच्या पुढच्या वेळी क्रोशाचा टेबलक्लॉथ केला. तो अजून तिच्या घरात आहे, मी पाहिला आहे. पाण्यावर ऊन पडावं तशी त्याची जाळी आहे. त्यानंतर तिने चर्चमध्ये गाणाऱ्यांना शिकवणाऱ्या मास्तरांकडून व्हायोलिन शिकायला घेतलं. लोक हसले. सासूने चार दिवस अबोला धरला. ही मागच्या परसात फणसाखाली बसून सराव करायची.

"तो इलो तेव्हा मी दारात उभी ऱ्हवान वाजवलंय," आंटी म्हणाली. "तो हातातली बॅग खाली ठेवूकच इसारलो."

"आंटी, वायट नाय वाटायचा? एकट्या ऱ्हवताना?"

"वाटायचा तर. रडूक येयच." तिने दोरा दाताने तोडला. "पण रडता रडता कापड बेतूक जमत नाय. खडूची रेघ दिसत नाय."

हे तिने इतक्या साध्या सुरात सांगितलं की मी मशीन थांबवून तिच्याकडे बघत राहिलो. ती मात्र माझ्या कागदाकडे बघत होती. "कोपऱ्यात सुई खाली ठेवून फिरव," ती म्हणाली.

डिसेंबरपर्यंत मी उशांचे अभ्रे आणि बाजाराच्या पिशव्या शिवू लागलो होतो. बातमी तिठ्यावरच्या हॉटेलात पोचली. तिथे रोज चहाला बसणाऱ्यांपैकी एकाने मला विचारलं, "काय रे, पोलकी शिवतंस असा ऐकलंय."

"होय," मी म्हणालो. "तुझ्या बायलेचा माप दी."

सगळे हसले, तोही हसला. पुढच्याच आठवड्यात तो माणूस चेन बिघडलेली पँट घेऊन मागच्या दाराने आमच्याकडे आला.

आईला मात्र हे पटलेलं नव्हतं. बापयाने मशीनीवर बसायचं म्हणजे काय, असं ती मला ऐकू जाईल अशा बेताने देवांना विचारायची. तिचा छोटा मोबाइल ती कमरेला साडीत खोचते, आणि तो सारखा पडतो, कधी विहिरीच्या काठावर, कधी गोठ्यात. एकदा तो शेणात पडला. तो धुऊन पुसून झाल्यावर ती माझ्या मशीनजवळ येऊन उभी राहिली.

"पोलक्याक खिसो लावूक येता?"

"येयत. कशाक?"

"फोन ठेवूक. आतसून होयो. भायर दिसता नये."

तिच्या जुन्या पोलक्यावरून माप घेऊन, आंटीला विचारून विचारून मी ते पोलकं शिवलं. डाव्या बाजूला आतून खिसा. आईने घालून पाहिलं, फोन आत टाकला, वाकली, उभी राहिली, पुन्हा वाकली. त्या संध्याकाळी ती वाडीतल्या चार घरी फिरून आली आणि दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्या बायका खिशासाठी पोलकी घेऊन येऊ लागल्या.

बायकोला मी हे सगळं रोज सांगायचो. ती तिच्या वॉर्डातलं सांगायची. कुठलं बाळ आज पहिल्यांदा आपण होऊन दूध प्यायलं, कुठल्या बाळाची नळी काढली. तिच्या बोलण्यात एक नवा कणखरपणा आला होता आणि तो मला फार आवडायचा. परक्या देशात, परक्या भाषेत, या वयात ती नव्याने शिकत होती. मी इथे मशीनवर टीप मारताना कधी कधी मनात तिची पेटीतली बाळं असायची.

एप्रिलात आंबा सुरू झाला. सकाळी जाळी बांधलेली काठी, म्हणजे झेला, घेऊन कलमांवरचे आंबे काढायचे, पेट्या भरायच्या, टेम्पो लावायचा. तरी दुपारी मी आंटीकडे एक फेरी मारायचोच. तिच्याकडे त्या दिवसांत मोठं काम होतं. मेमध्ये चर्चमध्ये फर्स्ट कम्युनियन होतं. आठ-नऊ वर्षांची मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात तो दिवस. मुली पांढरे, पायघोळ फ्रॉक घालतात. त्या वर्षी मुली पाच होत्या. त्यातल्या दोघींच्या आयांचे फ्रॉकसुद्धा त्यांच्या लहानपणी आंटीनेच शिवले होते. कापड आलं होतं, दोन फ्रॉक बेतून झाले होते.

एका दुपारी मी गेलो तर मशीनचा आवाज नव्हता. आंटी आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती. शेजारी स्टूल आडवं, सगळीकडे लेस पसरलेली, आणि उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. माळ्यावरचा डबा काढताना ती पडली होती.

"उचल आधी," ती म्हणाली. मला वाटलं, तिला उचल म्हणते. ती लेसबद्दल बोलत होती. "पाय पडतलो तुझो. पांढरी आसा."

रिक्षाने कसालला नेलं. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून परत येताना ती दुखण्याचं अक्षर बोलली नाही. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "पाच चेडवां आसत."

संध्याकाळी दोन मुलींच्या आया भेटायला आल्या. दोघी समजूतदार होत्या. एक म्हणाली, "आंटी, तुमी काळजी करू नकात. गोव्यात रेडीमेड मेळतत. आमी जावन हाडतो."

"बरा," आंटी म्हणाली आणि तिने मान भिंतीकडे वळवली.

मी तिथेच होतो. ती वळवलेली मान मला बघवेना. "मी शिवतंय," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गोव्याला जायचं म्हणणाऱ्या आईने आधी माझ्या तोंडाकडे आणि मग हातांकडे पाहिलं. दिवसभर आंबे काढून माझी बोटं चिकाने काळी पडली होती. आंटीने मान फिरवली.

"नखां दाखव," ती म्हणाली.

मी शाळेतल्यासारखे दोन्ही हात पुढे केले. तिने एकेक बोट बघितलं. "धू आणि उद्या ये," ती म्हणाली. आणि त्या बायकांकडे वळून, "मी बाजूक बसतलंय. तो शिवतलो."

त्या दिवसापासून माझे हात हीच घरातली मोठी काळजी झाली. आंब्याच्या चिकाचा एक ठिपका पांढऱ्या सॅटिनवर पडला तर ते कापड गेलंच. मी सुती हातमोजे घालून आंबे काढू लागलो. गडी हसायचे, "काय शेट, लग्नाक चाललास?" दुपारी खोबरेल तेलाने चीक काढायचा, मग बेसनाने घासायचं, मग साबण. आंटीच्या उंबऱ्यावर हात दाखवायचे, मग आत जायचं.

सॅटिन हे कापड नव्हे, पाणी आहे. हातातून निसटतं, सुईखाली सरकतं, कापलेल्या कडेने सुटत जातं. आंटी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून माझ्या डाव्या बाजूला बसायची. डाव्या हातात लाकडी पट्टी. तिने मला फारच कमी शब्दांत शिकवलं. "हळू." "फिरव." "थांब." आणि सगळ्यात जास्त वेळा, "उसव." पहिल्या फ्रॉकची बाही मी उलटी लावली. उसवली. पुन्हा लावली तर चुण्या एका बाजूला गोळा झाल्या. ती पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा तिने पट्टीने बाहीच्या कडेवर खडूचे ठिपके करून घेतले, ठिपक्याला ठिपका जुळवायला लावला, आणि ती बाही खांद्यावर अशी बसली की मला खुर्चीतून उठून एक फेरी मारून यावंसं वाटलं.

"बस," आंटी म्हणाली. "दुसरी बाही आसा."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई माझ्या मागोमाग आली. मी विचारलं, "तू खंय?"

"बटणां लायतंय," ती म्हणाली. "तुका एकट्याक कधी जमतला?"

मोत्यांसारखी बारीक बटणं होती, प्रत्येक फ्रॉकच्या पाठीला एक अख्खी रांग. आईची नजर अजून चांगली आहे. ती आंटीसमोर पाटावर बसली आणि हातशिलाईला लागली. या दोघी बायका जवळजवळ सगळं आयुष्य हाकेच्या अंतरावर राहिल्या होत्या. करंज्या आणि दोदोल यांच्यापलीकडे त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. आता दुपारभर त्यांचं बोलणं चालायचं. आईने आंटीला सांगितलं, माझे वडील मुंबईला नोकरीला होते तेव्हा ती कशी भिंतीवर गेरू-चुन्याने वेली काढायची, आणि ते येईपर्यंत पावसाने त्या निम्म्या पुसलेल्या असायच्या. हे मला माहीतच नव्हतं. मी मशीन थांबवून विचारलं, "आये, माका कधी सांगलंस नाय."

"तू कधी इचारलंस?" आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

मापं द्यायला मुली यायच्या तेव्हा मी पडवीत बसायचो. माप आई घ्यायची, आंटी सांगायची, कुठे सैल, कुठे घट्ट. एका मुलीचा एक खांदा किंचित खाली होता. आंटीने त्या खांद्याखाली कापसाची पातळ घडी घालायला सांगितली आणि कोणाला बोलू नको म्हणून बजावलं. सगळ्यांत लहान मुलगी फ्रॉक घालून बाहेर खळ्यात आली आणि मला गंभीरपणे विचारू लागली, "गिरकी घेतली काय फुलतलो मा?"

"घे बघूया," मी म्हणालो.

तिने गिरकी घेतली. आतली जाळी उघडली, घेर वर आला आणि फ्रॉक खरोखरच फुलला. ती थांबली, फ्रॉक तिच्याभोवती हळूहळू खाली बसला. तिने पुन्हा घेतली. दारात आंटी आणि आई दोघी उभ्या होत्या.

पाचवा फ्रॉक झाला त्या दिवशी आंटीच्या माजघरात दोरी बांधून आम्ही पाचही ओळीने टांगले. मी बायकोला फोन लावला. ती कामावरून नुकतीच आली होती, अजून गणवेशातच होती. मी कॅमेरा दोरीवरून हळूहळू फिरवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"दिसता मा?" मी विचारलं.

"पाठीकडसून दाखवा."

मी फ्रॉक एकेक फिरवून दाखवले.

"तिसऱ्याची डावी बाही लांब वाटता," ती म्हणाली.

आंटीने पट्टी घेऊन मोजलं. खरंच लांब होती, दोऱ्याएवढी. "उसव," आंटी म्हणाली. फोनमध्ये बायको हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

कम्युनियनच्या रविवारी मी आणि आई चर्चमध्ये गेलो. मागच्या बाकावर बसलो. आई पहिल्यांदाच आत आली होती. चप्पल कुठे काढायची ते तिला कळेना, मग ती हातातच घेऊन बसली. आंटी पुढे होती. उरलेल्या सॅटिनची झोळी करून आईने तिचा प्लास्टरचा हात गळ्यात बांधला होता. मुलं-मुली हातात मेणबत्त्या घेऊन जोडीजोडीने मधल्या वाटेने आली. सगळे त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मी खांद्यांकडे, घेराकडे, पाठीवरच्या बटणांकडे बघत होतो. कुठेही चुणी पडलेली नव्हती. फादरांनी शेवटी आंटीचे आभार मानले. आंटी उठून उभी राहिली, मागे वळली आणि सगळ्या लोकांसमोर डाव्या हाताने माझ्याकडे आणि आईकडे बोट दाखवलं. आईने पदर सावरला आणि चपला बाकाखाली ढकलल्या.

बायको चतुर्थीच्या आधी महिनाभराच्या रजेवर आली. वाळली होती, पण ताठ चालत होती. घरातले अभ्रे, पडदे, आईचं पोलकं, सगळं तिने हात लावून पाहिलं. दोन दिवसांनी आम्ही दोघं पडवीत चहा घेत बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "माझ्याशिवाय जमला तुमका."

तिचा सूर रागाचा नव्हता. पण आत काहीतरी दुखत होतं आणि तिने ते लपवलं नाही. खोटं बोलून तिला बरं वाटलं नसतं.

"जमला," मी म्हणालो. "पण टीप सरळ इली काय पयली तुझी आठवण येय. दाखवूक."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माकाय तसाच. बाळाची नळी काढली काय पयलो फोन तुमका."

नंतर ती उठली आणि आतून आपला एक जुना सुती गाऊन घेऊन आली. "असो एक शिवा. थंय रूमवर घालूक. खिसे मोठे होये."

मी तिला उभी करून माप घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच टेप लावून तिच्या खांद्याची रुंदी मोजत होतो. तिला गुदगुल्या होत होत्या, ती सरळ उभी राहीना. माजघरातून आई म्हणाली, "सैल ठेव रे. ती थंय खातली-पितली."

रजा संपल्यावर ती तो निळा गाऊन घेऊन परत गेली. निरोप देताना मला या वेळीही जड गेलं. परत आल्यावर दोन दिवस मी मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आंटीचं बोलावणं आलं.

तिचा हात जुळला आहे, पण मनगट पूर्ण वळत नाही. बेतणं ती करते, मशीन मी चालवतो. दुपारी तिच्या पडवीत आता चार-पाच जणी जमतात. कोणी क्रोशा घेऊन येतं, कोणी गोधडी. आईने घराच्या पुढच्या भिंतीवर पुन्हा वेली काढायला घेतल्या आहेत, या वेळी छपराखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी. तिठ्यावरच्या हॉटेलात आता माझी चेष्टा होत नाही. काल तर तिथल्या मालकाने दुकानाच्या पडद्यांचं माप घ्यायला बोलावलं.

मी सध्या पुरुषांचा शर्ट शिवायला शिकतो आहे. कॉलर हे फार अवघड प्रकरण आहे. आत कडक कापड घालायचं, टोकं बाहेर काढताना सुई लावायची नाही, दोन्ही बाजू सारख्या बसवायच्या. माझी एक बाजू बसते आणि दुसरी वर उठते. आज दुपारी आंटीने ती उजेडात धरून पाहिली, पट्टीने दोन ठिकाणी खूण केली आणि शर्ट माझ्या हातात परत दिला. मी चहा पिऊन उसवायला बसलो.